गोल कोपऱ्यांचा जुना फ्रिज घेऊन रिस्टोअर करावा का? आणि तो रोज वापरता येईल का?

तुम्ही विचारलंय की १९४०-५० च्या आसपासचा, खटक्याच्या हँडलचा एक फ्रिज मिळतोय, चालू आहे की बंद ते विकणाऱ्यालाच माहीत नाही, रंग पिवळा पडलाय, दाराचं रबर कडक झालंय, तर घ्यावा का, नव्या गॅसवर करून घ्यावा का आणि नंतर रोज वापरता येईल का. माझं मत सांगतो, सीलबंद सिस्टीम (म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस फिरतो ते बंद पाइप) जिवंत असेल तर बाकी काहीही बिघडलेलं असो, घ्या. ती मेलेली असेल तर फक्त दिसायला म्हणून किंवा पार्टसाठी म्हणून घ्या, कारण मग खर्च आणि डोकेदुखी दोन्ही भलत्याच वाढतात. आणि ती चालत असेल तर तिला हात लावायचा नाही, "एकदा गॅस चेक करून घेऊ" असं म्हणणाऱ्या मेकॅनिकला तर मुळीच लावू द्यायचा नाही. त्या काळच्या बऱ्याच घरगुती फ्रिजना गेज लावायला व्हॉल्व्हच नसतो, म्हणजे प्रेशर बघायचं तर पाइपला भोक पाडायचं, आणि इतकी वर्षं न गळलेली सिस्टीम नेमकी तिथूनच गळायला लागते.

सगळ्यात आधी मागची किंवा आतली पाटी शोधा. तिच्यावर मॉडेल नंबर, व्होल्टेज आणि बऱ्याचदा गॅसचं नाव असतं. गॅस कुठला हे कळल्याशिवाय पान्हा उचलायचा नाही, कारण जुन्या फ्रिजमध्ये काहीही निघू शकतं. १९२०-३० च्या दशकात सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड सर्रास वापरायचे. सल्फर डायऑक्साइड विषारी आहे पण निदान प्रामाणिक आहे, जरा जरी गळला तरी नाक-डोळे झोंबतात आणि माणूस आपसूक खोलीबाहेर पळतो. मिथाइल क्लोराइडला फारसा वासच नाही, वर ज्वलनशील, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. १९३० च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आर-१२, म्हणजे लोक ज्याला फ्रिऑन म्हणतात तो गॅस काढला, तो न जळणारा आणि विषारीही नाही म्हणून सगळे हळूहळू त्याच्याकडे वळले. तो ओझोनचा थर खातो हे खूप नंतर कळलं, मग १९८७ चा माँट्रियल करार झाला, विकसित देशांत १९९६ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून आर-१२ चं उत्पादन थांबलं. तुमचा फ्रिज ४०-५० च्या दशकातला असेल तर आर-१२ असायची शक्यता बरीच आहे. तो हवेत सोडून द्यायचा नाही, रिकव्हरी मशीन असलेल्या माणसाकडूनच काढून घ्यायचा.

इथे थोडं विषयांतर, पण हौस लागली की तुम्ही इथे येणारच म्हणून सांगून ठेवतो. जनरल इलेक्ट्रिकचा मॉनिटर टॉप, १९२७ चा, डोक्यावर गोल डबा असलेला. अमेरिकन यादवी युद्धातल्या मॉनिटर नावाच्या युद्धनौकेच्या गोल बुरुजासारखा दिसतो म्हणून लोकांनी ते नाव पाडलं. ख्रिश्चन स्टीनस्ट्रप या इंजिनियरचं ते काम, मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच सीलबंद डब्यात, बाहेर पट्टा नाही, शाफ्टचं सील नाही, त्यामुळे गळायला जागाच कमी. दहा लाखांहून जास्त विकले गेले आणि त्यातले काही अजून मूळ गॅसवर चालतायत. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे अख्खी सिस्टीम, वरचा डबा, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारा भाग) आणि खाली लोंबणारा इव्हॅपोरेटर (आतला थंड होणारा भाग), एका तुकड्यात वर उचलून काढता येते, एकही पाइप न कापता. वजन मात्र असं असतं की दोन माणसं आणि वरून साखळीचा हॉइस्ट नसेल तर त्या फंदात पडू नका. त्यातल्या काही मॉडेलमध्ये मिथाइल फॉर्मेट असतं, ते साध्या हवेच्या दाबाला साधारण ३२ अंशांना उकळतं, म्हणजे थंड बाजूला कायम व्हॅक्यूमच असतो, आणि तिथे लीक झाला तर गॅस बाहेर यायच्या ऐवजी हवा आत शिरते. असा फ्रिज वासबीस काही न देता नुसताच हळूहळू थंड करेनासा होतो आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो.

दुसरा प्रकार ज्योतीवर चालणारा. बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये केलेली युक्ती, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, एकही फिरता भाग नाही, म्हणून आवाजही नाही. कल्पना म्हणून मी त्याच्यावर फिदा आहे, पण घरात लावायला नाही म्हणेन. बर्नर आणि चिमणीत काजळी साचली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि १९३३ ते १९५७ मध्ये बनलेल्या सर्व्हेल कंपनीच्या गॅस फ्रिजबद्दल अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने याच कारणावरून लोकांना जाहीर इशारा दिलेला आहे. असा मिळाला तर शोभेला ठेवा.

आता तुमच्या फ्रिजकडे येऊ. उभाच आणायचा, आडवा घालून आणला असेल तर निदान एक दिवस तसाच उभा राहू दे, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरतं. आणि आणल्या आणल्या प्लग लावून बघायचा मोह आवरा. त्या काळच्या वायरी म्हणजे आत रबर आणि वरून कापडाचं वेष्टण, वरून धडधाकट दिसतात आणि जरा वाकवल्या की आतलं रबर भुगा होऊन पडतं आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकते. प्लग दोन पिनचा, अर्थिंगचा पत्ताच नाही. म्हणजे तुम्ही क्रोमचं हँडल धरणार आणि ते लाइव्ह असू शकतं. म्हणून पहिल्यांदा सगळं वायरिंग नवीन, तीन पिनचा प्लग, बॉडीला अर्थ, मग कॉम्प्रेसरची तिन्ही टर्मिनल बॉडीशी मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासायची. जुना कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा डबा) असेल तर बदलायचाच, त्यातल्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, फुटलेला असेल तर उघड्या हाताने धरू नका. स्टार्ट रिले (मोटर सुरू करून देणारा स्विच) मात्र शक्य तोवर मूळचाच ठेवायचा, काँटॅक्ट साफ करून, कारण तो त्याच मोटरच्या करंटवर बेतलेला असतो, कुठलाही दुसरा लावला तर मोटर सुरूच होत नाही किंवा स्टार्ट वाइंडिंग वेळेवर बंद व्हायचं राहतं आणि जळतं.

मग वॉटमीटर मध्ये लावून चालू करा. नुसता हुं आवाज येऊन काही सेकंदात ओव्हरलोड (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) कट झाला तर कॉम्प्रेसर जाम आहे, लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा ट्राय केलं तर वाइंडिंग जातं. चालला तर मीटर आणि फ्रीझरचा डबा दोन्हीकडे लक्ष ठेवा. कंडेन्सर कोमट व्हायला पाहिजे आणि डब्यावर सगळीकडे सारखा हिम धरला पाहिजे. फक्त पाइप आत शिरतो तिथे वीतभर हिम आणि पुढे कोरडं, तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरीत (गॅसच्या बारीक नळीत) काहीतरी अडकलंय. मोटर फिरतेय, वॉट अगदीच कमी, कंडेन्सर गार, हिम नाही, तर गॅस गेलेला आहे किंवा कॉम्प्रेसर पंपच करत नाहीये. हे एवढं बघायला तासभरही लागत नाही, म्हणून विकणाऱ्याकडेच वायरिंग तपासून ही टेस्ट करता आली तर भाव ठरवायच्या आधीच उत्तर मिळतं.

गॅस बदलण्याबद्दल. आर-१२ च्या जागी १३४ए हा नंतरचा गॅस नुसता भरून चालत नाही, जुनं मिनरल तेल त्याच्यात मिसळत नाही, तेल सिस्टीममध्ये फिरून परत कॉम्प्रेसरला येत नाही, आणि सीलबंद डब्यातलं तेल पूर्ण बदलणं म्हणजे डबा कापण्यासारखंच काम. ६००ए म्हणजे आयसोब्युटेन मिनरल तेलाबरोबर जमतो, वजनाने आर-१२ च्या निम्म्याहून कमी लागतो, पण तो पेट घेतो, आणि जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट आणि दाराच्या दिव्याचं बटण कपाटाच्या आतच ठिणगी टाकतं. लीक आत झाला आणि थर्मोस्टॅट कट झाला तर काय होईल ते सांगायला नको. करायचंच असेल तर त्या गॅसवर काम करणाऱ्या माणसाकडून, फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारा) नवीन, नीट व्हॅक्यूम आणि आतले स्विच बाहेर किंवा सीलबंद प्रकारचे लावून. सल्फर डायऑक्साइडची सिस्टीम उघडायचा विचारही पहिल्या फ्रिजवर नको, ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होतं आणि आतलं सगळं खाऊन टाकतं.

बॉडीचं काम हा खरा मजेचा भाग. आधी ओळखा की वरचा थर पोर्सिलेन इनॅमल आहे की रंग. टवका उडालेल्या जागी भिंग धरून बघा, पोर्सिलेन असेल तर कडेला काचेसारखा तुकडा तुटलेला दिसतो आणि पांढऱ्याखाली काळपट-निळा थर असतो, पत्र्याला चिकटण्यासाठी पहिला हात कोबाल्टवाल्या इनॅमलचा देत असत त्याचा. रंग असेल तर कडा सोलल्यासारखी आणि खाली प्रायमर किंवा थेट गंज. पोर्सिलेनला पॉलिश पेपर लावू नका, साबण, गरम पाणी आणि चिकाटी एवढंच, टवक्यांवर इपॉक्सी टचअप. रंग असेल तर पिवळेपणा बऱ्याचदा वरच्या वरच असतो, कंपाऊंडने (पॉलिशच्या पेस्टने) घासला की खालून मूळ पांढरा निघतो आणि मग पूर्ण रंगवायची गरजच पडत नाही. घासायचंच झालं तर ओलं घासा, मास्क लावा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. सँडब्लास्टिंगवाल्याकडे दार देऊ नका, पातळ मोठा पत्रा लाटा मारतो आणि ते दार परत सपाट होत नाही. झिंकच्या ओतीव हँडलला फोड आले असतील तर नुसतं क्रोम टिकत नाही, फोड कोरून, तांबं चढवून, घासून मग निकेल आणि क्रोम, हे करणारा प्लेटिंगवाला मिळाला तर त्याला सोडू नका.

इन्सुलेशन लोक विसरतात. आत कॉर्क, लोकर-कापसासारखे रॉकवूल किंवा फायबरग्लास भरलेलं असतं, ते ओलं होतं किंवा खाली खचतं आणि वर पोकळी राहते. चालू फ्रिजच्या बाहेरच्या अंगाला एकाच ठिकाणी घाम येत असेल तर तिथे आत गडबड आहे. तिथपर्यंत जायला आतल्या डब्याच्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ब्रेकर स्ट्रिप, काढाव्या लागतात आणि त्या जुन्या झाल्या की काचेसारख्या फुटतात, दुसऱ्या मिळत नाहीत. फ्रिज बंद करून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पट्टीवर धरून ठेवा, मऊ पडली की मधून हलकी कमान देऊन सरकवून काढा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. दाराचं रबर मापाने मिळतं, पोकळ डी आकाराचं, पण मूळपेक्षा जाड घेतलं तर खटका लागतच नाही. बसवल्यावर कागदाची पट्टी दारात धरून चारी बाजूंनी ओढून बघा, जिथे सहज निघते तिथून हवा जातेय.

रोजच्या वापराचं म्हणाल तर मी तरी वापरतो. आत थर्मामीटर ठेवा, ४ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. फ्रीझर नावापुरता, उणे १८ ची अपेक्षा ठेवू नका, बर्फ होतो, महिनोन् महिने साठवण होत नाही. हिम जाड झाला की बंद करून वितळू द्या, सुरी लावलीत की ॲल्युमिनियमच्या डब्याला भोक आणि वर लिहिलेलं सगळं वाया. विजेची लोकांना उगाच भीती असते, हे लहान, हाताने डीफ्रॉस्ट करायचे फ्रिज वाटतं तेवढे खादाड नसतात. खादाड होते ते १९७० च्या दशकातले मोठे फ्रॉस्ट-फ्री, अमेरिकेत तेव्हाचा सरासरी नवा फ्रिज वर्षाला साधारण १,८०० युनिट खायचा.

घेताना आतलं सामान मोजून घ्या, हे मी गॅसच्या खालोखाल महत्त्वाचं मानतो. बिल्ला, काचेचे ट्रे, भाजीचा ड्रॉवर, लिव्हरचा ॲल्युमिनियमचा बर्फाचा ट्रे, फ्रीझरचं छोटं दार. कॉम्प्रेसर एक वेळ दुसऱ्या मेलेल्या फ्रिजमधून निघेल, फ्रीझरचं दार शोधण्यात वर्षं जातात. रेमंड लोवीने डिझाइन केलेला १९३५ चा कोल्डस्पॉट सुपर सिक्स असो की कुठला अनाम ब्रँड, मी तर चकाचक रंगवलेल्या पण आतून रिकाम्या फ्रिजपेक्षा मळका पण पूर्ण असलेला घेईन.

आणि एक काम पहिल्याच दिवशी करा. खटक्याचं दार आतून उघडत नाही, मुलं आत लपून गुदमरल्याच्या इतक्या घटना झाल्या की अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला आणि ऑक्टोबर १९५८ च्या अखेरीपासून बनणाऱ्या फ्रिजची दारं आतून ढकलून उघडणं सक्तीचं झालं. तुमचा त्याआधीचा आहे, त्यामुळे काम चालू असेपर्यंत खटक्याची चौकटीवरची पट्टी काढून ठेवा किंवा दारच उतरवून ठेवा, आणि नंतर वापरात घेताना घरात लहान मुलं असतील तर खटका काढून चुंबकाचं कॅच लावा. हँडल तसंच राहतं, बाहेरून फरक कळत नाही. पाटीवर गॅसचं नाव नसेल तर मॉडेल नंबर आणि कॉम्प्रेसरचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.