हवा कमी नसते, श्वास जास्त होतो

वाचकांचे प्रश्न : छातीविकार आणि मानसोपचार या दोन्ही शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून दिलेली उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे. कुणी धाप म्हणते, कुणी कोंडल्यासारखे होते म्हणते, कुणी नुसतेच ‘श्वास पुरत नाही’ लिहिते. त्यांतली पाच पत्रे घेतली आहेत. पाचही जणांचे दुखणे एकच आहे, असे मात्र नाही.

प्रश्न : वय 24. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तीन महिन्यांपासून अभ्यासिकेत बसल्या बसल्या श्वास अपुरा पडतो. मोठा श्वास घ्यायला जातो तर तो मध्येच अडकतो. जांभई आली की तेवढ्यापुरते बरे वाटते. गेल्या महिन्यात एका रात्री फार वाढले, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, दोन्ही हात वाकडे झाले. मित्रांनी दवाखान्यात नेले. ईसीजी, एक्स-रे नॉर्मल, ऑक्सिजन 99. ‘टेन्शन घेऊ नको’ सांगून घरी पाठवले. ऑक्सिजन 99 असेल तर श्वास का पुरत नाही? रूममेटच्या सांगण्यावरून रोज कपालभाती करतो, पण त्याने उलट गरगरते.

उत्तर : ऑक्सिजन 99 आहे, म्हणजे हवा पुरेशी आत जाते आहे. गडबड बाहेर जाणाऱ्या वायूची आहे.

बसून वाचणारा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 16 श्वास घेतो. प्रत्येक श्वास अर्ध्या लिटरचा धरला तर मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा झाली. मनावर ताण आला, श्वास 24 वर गेले आणि प्रत्येक श्वास पाऊण लिटरचा झाला, की हाच आकडा 18 लिटर होतो. एवढी हवा रस्त्याने चालणाऱ्याला लागेल. तुम्ही तर खुर्चीत आहात. शरीरात जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्याहून जास्त बाहेर फेकला जातो. रक्तातला त्याचा दाब एरवी पाऱ्याच्या 35 ते 45 मिलिमीटर असतो, तो 35 च्या खाली उतरतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते.

पुढचे सगळे त्यातूनच येते. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरते आणि आपण इथे नाहीच असे वाटते. रक्तातले मोकळे कॅल्शियम प्रथिनांना चिकटते, त्यामुळे नसा आणि स्नायू जास्त चाळवतात. मुंग्या येतात, अंगठा तळव्याकडे ओढला जातो, बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. एकूण कॅल्शियम कमी झालेले नसते. त्यामुळे साध्या तपासणीत ते नॉर्मल येते आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही. श्वास ताळ्यावर आला की हात आपोआप सुटतात.

श्वास मध्येच अडकतो त्याचे कारण वेगळे आहे. आधीचा श्वास पूर्ण न सोडताच तुम्ही पुढचा घेता, त्यामुळे छाती वरच्या टोकाला फुगलेलीच राहते. भरल्या हंड्यात पाणी ओतले तर ते सांडणारच. आणि त्या क्षणी शेजारचा काय सांगतो? ‘खोल श्वास घे.’ घाबरलेल्याला देण्याजोगा याहून चुकीचा सल्ला शोधावा लागेल. जांभया आणि उसासे यांचेही तसेच. एकेक करून किरकोळ वाटतात, पण मिनिटाला दोन-तीन उसासे टाकले तरी कार्बन डायऑक्साइड खालीच राहू शकतो. म्हणून तक्रार दिवसभर रेंगाळते.

कपालभाती सध्या बंद ठेवा, भस्त्रिकाही. दोन्हींत श्वास मुद्दाम जोरात आणि भराभर चालवायचा असतो, आणि तुमचे शरीर तेच न सांगता करते आहे. दोष योगाचा नाही, तुमच्यासाठी झालेल्या निवडीचा आहे. कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, न करता सावकाश अनुलोम-विलोम चालेल. भ्रामरी त्याहून सोपी, कारण गुंजन करताना उच्छ्वास आपोआप लांबतो.

आता सराव. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी घ्या, पॅन्टचा पट्टा सैल करा. एक हात छातीवर, दुसरा बेंबीवर. तोंड मिटून नाकाने तीन सेकंद श्वास घ्या. पोटावरचा हात उचलला जावा, छातीवरचा जवळजवळ हलू नये. मग ओठांचा चंबू करून, बशीतला चहा निववतो तशी हळू फुंकर मारत चार सेकंद सोडा. पुढचा श्वास घेण्याआधी एक सेकंद थांबा. हे जमले की चार घेणे, सहा सोडणे, असे वाढवा, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. सकाळी 10 मिनिटे, रात्री 10 मिनिटे. पहिला आठवडा झोपून, नंतर बसून, मग उभ्याने आणि शेवटी चालताना.

चुका बहुधा तीनच होतात. श्वास मंद करताना मोठाही केला जातो. तसे केल्यास मंद होऊनही हवा तेवढीच राहते. श्वास लहानच हवा, शेजारी बसलेल्याला ऐकू न येण्याइतका. दुसरी चूक, पोट स्नायूंनी ढकलून फुगवणे. पोट सैल सोडायचे असते. तिसरी आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे सराव फक्त त्रास झाल्यावर करणे. पोहणे कुणी बुडताना शिकत नाही. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांत ‘हवा कमी पडतेय’ ही हुरहुर वाढेल. मेंदूला कमी कार्बन डायऑक्साइडची सवय झालेली असते, तो नेहमीच्या पातळीलाही जास्त समजून ओरडतो. तेवढे सोसा, रोज केल्यास काही आठवड्यांत फरक जाणवू लागतो.

ऐन झटक्यात आकडे मोजणे जमत नाही. तेव्हा आधी श्वास सोडा, घेऊ नका. कोपरे टेबलावर टेकून किंचित पुढे वाका, खांदे सोडा आणि एखादा पाढा मोठ्याने म्हणा. एकोणतिसाचा म्हणा, म्हणजे डोकेही गुंतेल. बोलणे उच्छ्वासावरच होते, त्यामुळे श्वास आपसूक लांबतो. पॅनिकचा झटका साधारण 10 मिनिटांत शिखराला पोहोचतो आणि अर्ध्या तासात बहुधा उतरतो.

अभ्यासिकेतल्या चहाचेही तेवढे पाहा. कॅफीन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून दुपारी तीननंतरचा कप बंद करा. उपाशीपोटी तर घेऊच नका.

प्रश्न : वय 52, धनकवडी. दोन महिन्यांपासून दुसऱ्या मजल्यावर चढून गेले की दम लागतो, मध्ये थांबावे लागते. पाळी अनियमित आहे, अंगावरून जास्त जाते. मुलगा म्हणतो, आई, तू फार विचार करतेस. श्वासाचे व्यायाम सांगाल का?

उत्तर : आज नाही. आधी तपासण्या.

चिंतेचा दम बहुतेक वेळा बसलेले असताना लागतो आणि चालायला लागल्यावर कमी होतो. असा माणूस पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून जातो आणि वर बाकावर बसल्यावर त्याला श्वास पुरेनासा होतो. तुमचे उलटे आहे. श्रमाने दम लागतो, थांबल्यावर कमी होतो आणि ही तक्रार नवी आहे. अशा वेळी ‘मनाचे असेल’ हे निदान सगळ्यांत शेवटी करायचे असते.

अंगावरून जास्त जाते म्हटल्यावर पहिला संशय रक्त कमी असल्याचा. हिमोग्लोबिन आणि लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, ईसीजी आणि टूडी एको, छातीचा एक्स-रे, गरज वाटल्यास फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री. आठवड्याभरात फॅमिली डॉक्टरांकडे जा. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा, कारण लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरेल, पण गळती तशीच राहील. आणि हृदयविकारात बायकांच्या छातीत दर वेळी कळ येतेच असे नाही. नुसता दम, मळमळ, थकवा किंवा जबड्यात दुखणे एवढेच असू शकते. मधुमेह असेल तर दुखणे आणखी कमी जाणवते.

हे सगळ्यांसाठी : छातीवर दाब येऊन डावा हात, जबडा किंवा पाठ दुखणे, दरदरून घाम, ओठ निळसर होणे, आडवे पडल्यावर दम वाढून उठून बसावे लागणे, एकाच पायाला सूज येऊन अचानक दम लागणे, खोकल्यातून रक्त, एक वाक्यही पुरे बोलता न येणे. यांतले काहीही असेल तर व्यायाम करत बसू नका, 108 ला फोन करा.

प्रश्न : वय 34. लहानपणापासून दमा. राहतो स्वारगेटला, नोकरी पिंपरीत. मेट्रो शिवाजीनगरला भुयारात शिरली की छाती आवळते, घाम फुटतो. पंप घेतो, तरी धडधड वाढतच जाते. दिवसात आठ-दहा वेळा पंप होतो. आता दमा वाढलाय की भीती, हेच कळत नाही.

उत्तर : दोन्ही असू शकते, आणि दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. आराम देणाऱ्या पंपात सल्ब्युटामॉल असते, त्याने हात थरथरतात आणि नाडी वाढते. घाबरलेला माणूस तेच झटक्याचे लक्षण समजतो आणि पुन्हा पंप दाबतो.

ओळखण्यासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात मारलेल्या फुंकरीचा वेग मोजणारे यंत्र, घ्या. औषधांच्या दुकानात मिळते, ऑक्सिमीटरएवढेच साधे आहे आणि तुमच्या बाबतीत त्याहून उपयोगी. बरे असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ उभ्याने तीन-तीन फुंकरा मारून सर्वांत मोठा आकडा लिहा. तो तुमचा उत्तम आकडा. त्रासाच्या वेळी आकडा त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असेल, तर श्वासनळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत आणि फुंकरीचा सराव करायला हरकत नाही. 50 ते 80 मध्ये असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेला पंपाचा डोस घ्या. 50 च्या खाली गेला तर पंप घेत घेत दवाखाना गाठा. मीटर जवळ नसेल तर एक खूण : दम्यात श्वास सोडणे जड जाते, छातीत शिट्टी वाजते, पहाटे खोकला येतो. भीतीत श्वास घेणे जड जाते आणि अडथळा घशाशी वाटतो. शंका असेल तेव्हा दमाच समजा.

आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, असे धरतात. तुम्ही दिवसाला आठ-दहावर आहात. रोजचा स्टेरॉइडचा पंप चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा सुटला असावा. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना भेटा. पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी, लावून घेतला की औषध घशात न चिकटता फुप्फुसात जाते, आणि नंतर चूळ भरली की तोंड येत नाही. धडधडीवर कुणी प्रोप्रॅनोलॉल सुचवले तर ‘मला दमा आहे’ हे आधी सांगा. त्या गोळीने श्वासनळ्या आवळू शकतात.

दमा आटोक्यात आला की भुयाराकडे वळू. मेट्रो सोडून बस धरली तर भीती तिथेच पक्की होते. पहिले तीन दिवस दुपारच्या कमी गर्दीत नुसते मंडई स्थानकाच्या फलाटावर 15 मिनिटे उभे राहा, गाडी पकडू नका. मग मंडई ते स्वारगेट, एकच टप्पा. मग कसबा पेठेपासून, मग जिल्हा न्यायालयापासून, मग शिवाजीनगरपासून, आणि शेवटी हेच सगळे संध्याकाळच्या गर्दीत. प्रत्येक टप्पा भीती निम्म्यावर येईपर्यंत रोज करा. भीती शिखरावर असताना उतरलात, तर मेंदू एवढेच शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. दाराशीच उभे राहणे, सारखा ऑक्सिमीटर लावणे, बायकोला फोन चालू ठेवणे या कुबड्याही एकेक करून सोडा. पंप मात्र खिशात असू द्या, ती कुबडी नव्हे.

प्रश्न : डॉक्टरांनी घबराटीसाठी एसिटालोप्राम आणि अल्प्राझोलाम दिले आहे. पहिल्या गोळीने आठ दिवसांत काहीच फरक नाही, दुसरीने लगेच बरे वाटते. पहिली बंद करून दुसरीच घेऊ का?

उत्तर : नेमके उलटे करायला हवे. एसिटालोप्रामचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात; पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी थोडी वाढूही शकते. अल्प्राझोलाम तेवढे दिवस निभावण्यासाठी असते. काही आठवड्यांपुढे नेले तर सवय लागते, आणि अचानक सोडले तर घबराट दुपटीने परतते. दारूबरोबर तर मुळीच नको, श्वासच मंदावतो. दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू उतरवूनच बंद करायच्या. जोडीला विचार-वर्तन उपचाराच्या बैठकाही घ्या. ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचाराची सोय आहे. आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर 14416 ही टेली-मानसची सरकारी मोफत सेवा 24 तास चालू असते, मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मुलगी 17 वर्षांची. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर तिला झटका आला. कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडाला कागदी पिशवी धरली, कुणी पाणी पाजले. आम्ही नेमके काय करायचे?

उत्तर : कांद्याने फक्त डोळ्यांना पाणी येते. कागदी पिशवी पूर्वी डॉक्टरही सांगत, आता सांगत नाहीत; दमा किंवा हृदयविकार असेल तर तिने ऑक्सिजन घातक पातळीपर्यंत उतरू शकतो. भराभर श्वास चालू असताना पाणी पाजले तर ठसका लागतो.

गर्दीतून बाजूच्या बोळात न्या, पायरीवर बसवा, एकाच माणसाने बोला. ‘काही नाही झालं’ म्हणू नका, तिला झालेले असते. ‘मी इथंच आहे, माझ्याबरोबर फुंकर मार’ म्हणा आणि स्वतः हळू फुंकर मारून दाखवा. तोंडावर वारा घाला. गालांवर आणि नाकावर गार वारा लागला की श्वास कमी पडल्याची जाणीव उतरते. घडीचा पंखा किंवा पुठ्ठा पुरतो. हात वळले असतील तर ओढून सरळ करू नका. झटका पहिलाच असेल, अर्ध्या तासात उतरला नाही किंवा शुद्ध हरपली तर दवाखान्यात न्या. पुढच्या वर्षी तिला मिरवणुकीला यायचे असेल तर येऊ द्या, फक्त आधी जेवून आणि बोळाच्या तोंडाशी उभी राहून.