‘जेवलीस का?’ या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्या

स्टुटगार्टहून एका भगिनीने चार पानी पत्र पाठवले आहे. त्यात चार प्रश्न आहेत, पण त्यांपैकी तीन मी शेवटी थोडक्यात घेणार आहे, कारण त्यांनी ताजा कलम म्हणून अगदी खाली लिहिलेला चौथा प्रश्नच मला सगळ्यांत मोठा वाटतो. त्या लिहितात, “दर रविवारी सकाळी दहा वाजता मी सोलापूरला आईला फोन करते. इकडे माझी न्याहारीसुद्धा झालेली नसते आणि आईचा पहिला प्रश्न असतो, ‘जेवलीस का?’ मला बढती मिळाली हे सांगितले, तर ‘बरं झालं गं’ म्हणाली आणि पुन्हा तेच, ‘जेवलीस का?’ काकू, आम्हा मायलेकींत आता खरा संवाद उरलेलाच नाही.”

तुमचे दुःख मला कळते. सत्तावीस वर्षे इंग्लंडमध्ये काढून मी सोलापूरला परतले आहे आणि आता माझा मुलगा परदेशात आहे, म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना मी बसून पाहिले आहे. तरीही तुमचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही. तुमच्याकडे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा सोलापुरात उन्हाळ्यात दुपारचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो. आई नुकतीच पानावरून उठलेली असते. तुमच्याकडे सकाळ आहे, हे इतक्या वर्षांनंतर तिला ठाऊक नसेल, असे तुम्हाला खरेच वाटते का? मग ती जेवणाची माहिती विचारत नाही, हे उघड आहे.

पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून तिथल्या लोकांचे रोजचे बोलणे ऐकलेले मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये हीच गोष्ट मांडली होती. हवापाण्याची चौकशी, ख्यालीखुशाली, ‘कुठे निघालात’ अशा बोलण्यात शब्दांचा अर्थ जवळजवळ बिनमहत्त्वाचा असतो आणि त्या शब्दांनी माणसे एकमेकांशी जोडली जातात, ही त्यांची मांडणी होती. सोलापूरकरांना मात्र हे कळण्यासाठी इतक्या दूर जावे लागत नाही. आपल्या शहरात मराठी ‘जेवलीस का?’ विचारते, कन्नड ‘ऊटा आयता?’ विचारते आणि तेलुगू ‘तिन्नावा?’ विचारते, तीन भाषा, पण भेटीची सुरुवात एकाच प्रश्नाने होते. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या चीनमध्ये गेले, तिथेही ओळखीच्या माणसाला ‘जेवलात का?’ असेच विचारण्याची जुनी रीत आहे. तो प्रश्न त्यांना तिथे परका वाटला नसावा.

साखर पेठेत आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब राहत असे. त्यांच्या घरात दिवसभर हातमाग चाले. त्या मावशींना मराठी बेताचे येई आणि माझ्या आईला तेलुगूतला ‘तिन्नावा?’ एवढा एकच शब्द ठाऊक होता. सकाळ-संध्याकाळ ओट्यावरून दोघी तेवढेच विचारत आणि आपापल्या कामाला लागत. माझी आजी गेली, त्या रात्री मावशी वरणभाताचे ताट घेऊन आल्या, आईजवळ बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तिन्नावा?” दिवसभर कोरड्या डोळ्यांनी वावरलेली आई तेव्हा रडली. इतक्या वर्षांच्या त्या विचारण्याने दोघींमध्ये जी वाट पडली होती, तिच्यावरूनच मावशी त्या रात्री आत येऊ शकल्या.

हे सगळे लहानपणी पाहूनही मी परदेशी गेल्यावर चुकले. त्या काळी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे आणि तीन मिनिटांचेही बरेच पैसे पडत. आईने ‘जेवलीस का?’ विचारले, की माझा जीव खालीवर होई. एकदा मी तिला तोडून म्हटले, “आई, महागाचा फोन आहे, कामाचं बोल.” त्या दिवसापासून ती कामाचेच बोलू लागली. घरपट्टी भरली, मामांकडचे लग्न ठरले, भावाची बदली झाली, सगळे नेमके आणि थोडक्यात. पुढे सहा महिन्यांनी भावाच्या पत्रातून कळले, की आईला बरेच दिवस अन्न जात नव्हते आणि ती निम्मी झाली होती. तिने मला हे सांगितले नव्हते, कारण सांगण्याची जागाच मी बंद केली होती. ‘जेवलीस का?’ असे ती विचारत असताना मी एकदा जरी ‘आणि तू गं?’ असे उलट विचारले असते, तर ते त्याच फोनवर कळले असते.

म्हणून थोडे रागावूनच सांगते, बाई. पुढच्या रविवारी ‘हो’ म्हणून तो प्रश्न मिटवू नका. अजून काही खाल्लेले नाही, काल रात्री मसुराची आमटी केली होती, आमसूल संपले होते म्हणून लिंबू पिळले, असे सविस्तर सांगा. लिंबू कधी पिळायला हवे होते, हे आई सांगेल. ते ऐकून घ्या. मग तिने काय केले होते, किती खाल्ले, भाकरी चावते का, शेंगांची चटणी अजून स्वतः उखळात कुटते का, हे विचारा आणि मध्ये ती गप्प राहिली तर घाईने विषय बदलू नका. बढतीची बातमी त्यानंतर पुन्हा सांगा. पहिल्यांदा सांगितलीत, तेव्हा तुमच्या आवाजात थकवा असेल आणि आईने बढतीआधी तोच ऐकला असेल.

आता उरलेले प्रश्न. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सासूबाईंनी लिहिलेल्या बोलाला तिथेच उत्तर देऊ नका, त्यांना थेट फोन करा. वडिलांच्या पंचाहत्तरीला काय द्यावे, हे भावंडांनी मिळून ठरवावे. त्यात मी पडत नाही. तुमचा दहा वर्षांचा मुलगा जर्मनमध्ये उत्तरे देतो आणि आजीसमोर अवघडून बसतो, त्याला मराठीच्या वर्गात घालण्याआधी ‘आजी, जेवलीस का?’ एवढे एक वाक्य शिकवा आणि फोन त्याच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जा. आजी काय काय जेवली ते सांगेल, आणि त्यातला न कळलेला शब्द विचारायला तो तुमच्यामागे येईल.