दोघंही शाकाहारी आहोत. जपानच्या डोंगरातल्या ओनसेन र्‍योकानमध्ये (गरम झऱ्याच्या पारंपरिक सराईत) एक रात्र राहायचं तर काय काळजी घ्यावी?

तुमचा बेत ऑक्टोबरात अकिता प्रांतातल्या न्युतो ओनसेनला एक रात्र राहण्याचा आहे, दोघंही शाकाहारी आहात, आणि परक्या माणसांसमोर कपडे काढून अंघोळ करायची धास्ती वाटतेय. त्या धास्तीचं फार मनावर घेऊ नका, ती पाण्यात उतरेपर्यंतच असते. खरा घोळ होतो जेवणाचा आणि पोचण्याच्या वेळेचा, आणि त्याची सुरुवात बुकिंगपासूनच होते.

दर आधी समजून घ्या. र्‍योकानचा दर सहसा खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी त्यातच धरलेली असते. बऱ्यापैकी ठिकाणी माणशी १५ ते ३० हजार येन पडतात. जपानी साइटवर १५,००० दिसले तर दोघांचे ३०,००० समजायचे. शनिवारची रात्र महाग असते. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे पानं रंगतात, त्यामुळे खोल्या काही महिने आधीच संपतात.

आता जेवण. फॉर्ममध्ये नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर मांस नको, मासे चालतील, असा अर्थ काढला जाण्याची शक्यता भरपूर. मासे नकोत हे कळलं तरी 'दाशी' उरतेच. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक वेळा कात्सुओ नावाच्या वाळवलेल्या माशाच्या किसाचं. ते मिसो सूपमध्ये असतं, शिजवलेल्या भाज्यांत असतं, तेंपुराच्या (तळलेल्या भज्यांच्या) आणि सोबाच्या (नूडल्सच्या) सॉसमध्ये असतं. नात्तोसोबत (आंबवलेल्या सोयाबीनसोबत) येणाऱ्या इवल्याशा पुडीतसुद्धा असतं. त्यामुळे वरचा माशाचा तुकडा बाजूला सारून भागत नाही. शिवाय डोंगरातल्या सराईत सामान खालून मागवलेलं असतं आणि ताटं मोजून ठरलेली असतात. दारात उभं राहून सांगितलंत तर स्वयंपाकी मनापासून माफी मागेल आणि भात, लोणचं, थंड तोफू पुढे ठेवेल.

म्हणून बुकिंगच्या वेळीच हे कळवा: 'निकु, साकाना, काइ वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशि मो ताबेरारेमासेन. कोम्बु दाशि वा दाइजोबु देस.' मांस, मासे, शिंपले खात नाही, कात्सुओची दाशीही नाही, समुद्री शेवाळाची चालेल, एवढा त्याचा अर्थ. अंडं खात नसाल तर यादीत 'तामागो' जोडा. हे जपानी लिपीत टाइप करून पाठवलंत तर उत्तम. 'जमणार नाही' असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नका. ते प्रामाणिक उत्तर आहे, 'बघू' म्हणणाऱ्या सराईपेक्षा बरं. मग जेवणाविना खोली मिळते का ते विचारा, 'सुदोमारि' म्हणायचं. ती मिळाली तर खाणं ताझावाको स्टेशनाजवळच घेऊन ठेवा, वर दुकानांचा भरवसा नाही. मेतकूट आणि दाण्याची चटणी सोबत असू द्या, पण खोलीत खा. जेवणघरात बाहेरचं काढणं बरं दिसत नाही.

र्‍योकानचं जेवण हाच सहलीचा मुख्य भाग असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे: ती रात्र वाकायामा प्रांतातल्या कोयासानला मंदिराच्या धर्मशाळेत, म्हणजे शुकुबोत काढा. तिथलं शोजिन जेवण मुळातच मांस-मासे आणि कांदा-लसूण टाळणारं असतं, दाशीही शेवाळाची नाहीतर शिताके मशरूमची. ओनसेनसाठी मग दुसरी, जेवणाविना रात्र ठेवता येते.

वेळेचं गणित असं: चेक-इन साधारण ३ला, जेवण ६ किंवा साडेसहाला, म्हणून ५च्या आत पोचायचं. उशिरा गेलात तर जेवण बुडतं, पैसे मात्र परत मिळत नाहीत. टोकियोहून कोमाची शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) ताझावाकोला तीन तासांच्या आसपास लागतात (सगळी आसनं आरक्षित, ऐनवेळी चढता येईल असं धरू नका) आणि पुढे बसने पाऊण-एक तास. बसच्या फेऱ्या मोजक्याच. त्सुरुनोयु सराईत राहणार असाल तर 'आरुपा कोमाकुसा' थांब्यावर उतरायचं, तिथून सराईची गाडी नेते. बसची वेळ आधी कळवावी लागते. टोकियोहून सकाळी निघा. दुपारी पोचलात तर 'युमेगुरि-चो' पासही वापरता येतो. तो न्युतोच्या सात सरायांपैकी एकीत राहणाऱ्यांनाच मिळतो आणि सातही ठिकाणी एकेकदा अंघोळ करता येते. बाहेरच्यांना स्नानगृह दिवसाच उघडं असतं, त्यामुळे संध्याकाळी पोचून पास घेण्यात अर्थ नाही.

खोलीतले नियम फार नाहीत. तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) सपाता नकोत, बॅगेची चाकंही नकोत. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून बाहेर येऊ नका. युकाता (सराईत मिळणारा सुती झगा) घालताना डावी बाजू वर. उजवी वर फक्त मृतांना नेसवतात.

अंघोळ. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत आपण कपड्यांनिशी उतरतो, इथे पूर्ण विवस्त्र. खऱ्या 'काकेनागाशि' टाकीत पाणी गाळून पुन्हा फिरवलेलं नसतं, झऱ्यातून येतं आणि वाहून जातं. म्हणून कपडा, साबण, केसांचं तेल यातलं काहीही त्यात जायला नको. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने धुवा, फेस पूर्ण काढा, डोक्याला खोबरेल असेल तर शाम्पूने घालवा, लांब केस वर बांधा. काही जुन्या गंधकी स्नानगृहांत नळ-शॉवर नसतात. तिथे बादलीने अंगावर पाणी घ्या, खांद्यापासून पायापर्यंत. छोटा पंचा डोक्यावर ठेवा किंवा कडेला, पाण्यात नाही.

पाणी ४० ते ४३ अंश. पहिल्यांदा पाच-सात मिनिटं बसा, बाहेर येऊन दम घ्या, मग पुन्हा जा. भरल्या पोटी किंवा साके (तांदळाची दारू) पिऊन उतरू नका, उठताना भोवळ येते. खिडक्या उघड्या असतील तर थंडी वाजली तरी लावू नका. गंधकी पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो, तो बाहेर जायला हवा.

आणि चांदी! पैंजण, जोडवी, चांदीच्या अंगठ्या खोलीतच काढा. गंधकाने चांदीवर सल्फाइडचा थर चढतो आणि ती बघता बघता काळी पडते. काळवंडलीच तर घरी भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि कढत पाणी घालून बुडवा, बरीचशी उजळते. मेंदी ताजी असेल तर ती टॅटू वाटू शकते, आणि टॅटूला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. काउंटरवरच सांगून ठेवलेलं बरं.

नवरा-बायकोला एकत्र बसायचं असेल तर 'काशिकिरि' टाकी आहे का विचारा. असेल तर ४५-५० मिनिटांसाठी ती फक्त तुमची, नंबर पोचल्या पोचल्या लावा. त्सुरुनोयुची उघड्यावरची मोठी टाकी स्त्री-पुरुषांची एकत्र आहे, पण पाणी दुधासारखं पांढरं असल्याने गळ्याखालचं दिसत नाही. बायकांसाठी वेगळी उघडी टाकीही आहे. इतर सरायांत एक गंमत सांभाळा: पुष्कळ ठिकाणी बायकांची आणि पुरुषांची स्नानगृहं रात्रीतून बदलतात. काल ज्या दारातून गेलात त्याच दारातून सकाळी झोपेत शिरू नका, पडद्यावरचं अक्षर पाहा: 男 पुरुष, 女 स्त्रिया.

चेकआउट १०ला. स्नानकर माणशी साधारण १५० येन, बऱ्याचदा वेगळा आणि रोख मागतात. टिप देऊ नका. खाली जायच्या बसची वेळ आदल्या रात्रीच काउंटरवर विचारून ठेवा.