वाचकांचे प्रश्न : लेबलवर नाव एकाचं, वाजवणारा दुसराच

प्रश्न : ताई नमस्कार. गणपतीत आमच्या सोसायटीत क्विझ झाली, त्यात "पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं" असं विचारलं. मी एल्विस प्रेस्लीचं "दॅट्स ऑल राइट" म्हटलं तर चूक, त्यांच्या कागदावर "रॉक अराउंड द क्लॉक, १९५५" होतं. शेजारचे काका म्हणाले दोन्ही चूक, त्याच्याही आधी कुठलंतरी मोटारीवरचं गाणं आहे. मार्क गेले ते गेले, पण खरं काय ते सांगा ना.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या काकांना माझा नमस्कार सांगा, ते बरोबर दिशेला बोट दाखवतायत. गोची प्रश्नातच आहे. पहिलं म्हणजे काय, आधी रेकॉर्ड झालेलं की आधी गाजलेलं? गाजण्याचं म्हणाल तर क्विझवाले बरोबर, बिल हेलीचं रॉक अराउंड द क्लॉक ९ जुलै १९५५ ला अमेरिकेत बिलबोर्ड साप्ताहिकाच्या गाजत्या गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं आणि ८ आठवडे तिथून हललं नाही. पण ते रेकॉर्ड झालं होतं १२ एप्रिल १९५४ ला, न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे वर्षभर आधी, आणि बाजारात आलं तेसुद्धा दुसऱ्या एका गाण्याच्या मागच्या बाजूला, त्यामुळे तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. मग ब्लॅकबोर्ड जंगल नावाचा सिनेमा आला, त्याचा हिरो ग्लेन फोर्ड, त्याच्या शाळकरी मुलाच्या कलेक्शनमध्ये ही रेकॉर्ड होती, ती दिग्दर्शकाच्या कानावर पडली नि सिनेमाच्या नावांवर वाजली, आणि पोरं थिएटरात नाचायला लागली. एका मुलाच्या कपाटातून हे सगळं बाहेर आलं बघा.

आता ते गाणं परत लावा आणि मधला गिटारचा तुकडा नीट ऐका, तो सुसाट खाली येणारा. तो वाजवलाय डॅनी सेड्रोनने. हा काही हेलीच्या बँडचा कायमचा माणूस नव्हता, रेकॉर्डिंगपुरता बोलावलेला, आणि तयारीला वेळ नाही म्हणून त्याने १९५२ मध्ये हेलीच्याच "रॉक द जॉइंट"मध्ये वाजवलेला तुकडा जसाच्या तसा इथे वाजवला. त्या दिवसाचे त्याला २१ डॉलर मिळाले. दोन महिन्यांनी, जून १९५४ मध्ये, जिन्यावरून पडून तो गेला. आपला तुकडा जगभर वाजतोय हे त्याला कधी कळलंच नाही, आणि मला हे आठवलं की ते गाणं नुसतं नाचायचं गाणं म्हणून ऐकवत नाही.

काकांचं मोटारीवरचं गाणं म्हणजे "रॉकेट ८८". मार्च १९५१, मेम्फिस, सॅम फिलिप्सचा छोटासा स्टुडिओ. रॉकेट ८८ हे ओल्ड्समोबिल गाडीचं मॉडेल. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून आइक टर्नरची पोरं गाडीत सामान कोंबून आली, वाटेत गिटारच्या अँप्लिफायरला काहीतरी झालं, कोणी म्हणतं टपावरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला, पण स्पीकरचा पडदा फाटला हे नक्की. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता जा, दुरुस्त करून या. फिलिप्सने त्या फाटलेल्या जागी कागदाचे बोळे कोंबले आणि म्हणाला वाजवा. त्यातून जो आवाज निघाला तो हेडफोन लावून एकदा ऐकाच, गिटार स्वच्छ वाजतच नाही, भुरभुरते, घशात खरखर असल्यासारखी, आणि तीच खरखर पुढे सगळ्या रॉकवाल्यांनी मुद्दाम मशीन लावून काढली! गिटार होती विली किझार्टची, पियानोवर स्वतः आइक टर्नर. आणि लेबलवर नाव कोणाचं? "जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स". ब्रेन्स्टन त्या बँडमधला सॅक्सोफोनवाला, तो हे गाणं गायला म्हणून त्याचं नाव, आणि डेल्टा कॅट्स नावाचा बँड तर अस्तित्वातच नव्हता. गाणं रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे काळ्या कलाकारांच्या संगीताच्या, यादीत एक नंबरला गेलं आणि आइक टर्नर ते आयुष्यभर विसरला नाही.

तुमचं एल्विसचं उत्तरही अगदी वाया जाणारं नाही. ५ जुलै १९५४, तोच सॅम फिलिप्स, एल्विस १९ वर्षांचा, जोडीला गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक, ड्रम नाहीच. संध्याकाळभर काही जमेना, मग मधल्या सुट्टीत एल्विस उगाच मस्ती म्हणून आर्थर क्रुडप या काळ्या गायकाचं जुनं ब्लूज, तेच तुमचं "दॅट्स ऑल राइट", गायला लागला आणि बाकीचे दोघे त्यात शिरले. काही दिवसांत मेम्फिसच्या रेडिओवर ड्यूई फिलिप्सने (तो सॅमचा नातेवाईक नव्हे, आडनाव फक्त एक) ते पुन्हा पुन्हा लावलं आणि एल्विसला स्टुडिओत बोलावून विचारलं, तू कुठल्या शाळेत होतास. तो म्हणाला ह्यूम्स हायस्कूल. प्रश्न साधा वाटतो, पण शाळा तेव्हा गोऱ्यांच्या वेगळ्या नि काळ्यांच्या वेगळ्या, त्यामुळे शाळेचं नाव कळलं की ऐकणाऱ्याला कळलं, गाणारा गोरा आहे. म्हणजे आवाजावरून लोकांना तो काळा वाटत होता, हे त्या एका प्रश्नात येतं. क्रुडपने ते गाणं १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं होतं, आणि त्याच्या हक्काचे पैसे त्याला मरेपर्यंत नीट मिळाले नाहीत.

तेव्हा पुढच्या क्विझला मी रॉकेट ८८ ला मार्क देईन. पण घरी बसून ऐकायचं असेल तर आणखी मागे जा, सिस्टर रोझेटा थार्पकडे. चर्चची गाणी गाणारी बाई, हातात गिटार, १९४४ मधलं तिचं "स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे" ऐका आणि मला लिहा की हे रॉक अँड रोल नाही. लिहाच!

प्रश्न : रॉक अँड रोल हे नाव कोणी ठेवलं?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : शब्द गाण्यांमध्ये आधीपासूनच होते, पण या संगीतावर ते नाव चिकटवलं रेडिओवाल्या अॅलन फ्रीडने. क्लीव्हलंड शहरात १९५१ पासून तो रात्री काळ्या कलाकारांच्या रेकॉर्ड लावायचा आणि गोरी पोरंही चोरून ऐकायची. त्याआधी या रेकॉर्डना बिलबोर्डमध्ये "रेस रेकॉर्ड्स" (रेस म्हणजे वंश) म्हणत, ते बदलून १९४९ मध्ये रिदम अँड ब्लूज केलं. २१ मार्च १९५२ ला फ्रीडने क्लीव्हलंड अरीनात नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला, जागा साधारण १० हजारांची आणि माणसं आली दुपटीच्या आसपास, दारं तुटली, कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच बंद करावा लागला. पहिला रॉक कॉन्सर्ट म्हणून लोक याच रात्रीचं नाव घेतात.

फ्रीडचं श्रेय मोठंच आहे, पण एक गोष्ट मला त्याला माफ करवत नाही. चक बेरीने मे १९५५ मध्ये शिकागोला "मेबलीन" रेकॉर्ड केलं, स्वतः लिहिलेलं, आणि रेकॉर्ड छापून आली तेव्हा गीतकार म्हणून त्याच्या नावाबरोबर फ्रीडचंही नाव! रेडिओवर गाणं लावण्याची ही किंमत. बेरीला पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ उजाडलं.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत रेकॉर्ड सापडल्या, काही मोठ्या जड काळ्या, काही छोट्या आणि मधे भलंमोठं भोक. छोट्या आमच्या प्लेअरवर बसतच नाहीत. खराब आहेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात खराब नाहीत, टाकू नका. छोट्या ७ इंची त्या ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणल्या. त्यांच्या भोकात बसवायची प्लॅस्टिकची चकती मिळते, ती घाला आणि स्पीड ४५ ला करा. हलक्या, स्वस्त, पडल्या तरी फुटत नाहीत, शाळकरी पोरं दप्तरात घालून मित्राकडे न्यायची, रॉक अँड रोल असंच घरोघर पोचलं.

मोठ्या जड असतील त्या ७८ च्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. त्यांना मात्र दोन्ही हातांनी कडेला धरा, पडली की बशीसारखी फुटते. त्या चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, आणि ती लाख बरीचशी आपल्याकडची, छोटा नागपूरच्या जंगलात पळस नि कुसुमच्या झाडांवर किड्यांनी केलेली. अमेरिकेतली जुनी ब्लूजची रेकॉर्ड हातात घेतली की मला हे हटकून आठवतं. ७८ ला साध्या पिनने वाजवू नका, तिची खाच रुंद असते, वेगळी सुई लागते.

प्रश्न : आमच्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी रॉक अँड रोल हिंदीत आणलं असं वडील सांगतात. खरं का?
– एक वाचक, कोपरगाव

उत्तर : वडिलांचं म्हणणं धरून चाला. १९५७ च्या आशा सिनेमातलं "ईना मीना डीका" हे त्या काळात हिंदीत रॉक अँड रोलचा ठेका घेऊन आलेलं सगळ्यात गाजलेलं गाणं, किशोर कुमारचंही आहे आणि आशाबाईंचंही, दोन्ही ऐका. त्यातल्या "माका नाका"चा किस्सा सांगतात तो असा, म्युझिक रूमच्या बाहेर पोरं "ईनी मीनी मायनी मो" करत खेळत होती, अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ते उचललं, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका गोवेकराने पुढे कोंकणीतलं "माका नाका" जोडलं. मला नको एवढाच त्याचा अर्थ, आणि सगळा देश ते गात सुटला.

अण्णांच्या गाण्यांत तो पाश्चात्य बाज आला त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा. चिक चॉकलेट हे त्यातलं एक नाव, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, अल्दोनाचे, मुंबईत ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि अण्णांच्या गाण्यांनाही त्यांची साथ होती. पण त्या काळची ७८ ची रेकॉर्ड घेऊन लेबल वाचा, सिनेमाचं नाव, गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, खाली नंबर. ट्रम्पेटवाल्याचं कुठेच नाही. वडिलांकडे अलबेलाच्या, म्हणजे १९५१ च्या, रेकॉर्ड असतील तर "शोला जो भडके" काढा, गाणारे दोघे थांबतात त्या जागा लक्ष देऊन ऐका, आणि त्या वादकांबद्दल वडिलांना काय काय आठवतंय ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा, या पानावर त्याला जागा ठेवलीये.