काचेला घाम का फुटतो?

संग्रहालयांतल्या काचेच्या, चिनी मातीच्या आणि धातूच्या भांड्यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत. उत्तरं देणाऱ्या लेखिकेने तेहतीस वर्षं एका संग्रहालयाच्या जतन विभागात भांड्यांचंच काम केलं आहे.

प्रश्न : संग्रहालयात एका जुन्या काचेच्या पेल्यावर बारीक थेंब दिसले. कपाट बंद होतं आणि शेजारचे पेले कोरडे ठणठणीत होते. एसीमुळे दव पडलं असेल का?

दव असतं तर सगळ्याच पेल्यांवर पडलं असतं. एकाच पेल्यावर पडलं, हे तुम्ही टिपलंत ते फार चांगलं झालं. तो पेला आजारी आहे.

काच मुळात वाळूची. पण नुसती वाळू वितळवायला 1700 अंशांच्या आसपास उष्णता लागते. जुन्या भट्ट्या तिथवर पोचत नसत, म्हणून वाळूत सोडा किंवा पोटॅश हा क्षार घालत. क्षारामुळे वाळू लवकर वितळते, पण तो काचेत स्वस्थ बसत नाही. त्याला धरून ठेवायला चुना लागतो. चुना कमी पडला किंवा क्षार जास्त झाला, तर काच दिसायला सुंदर होते आणि आतून कच्ची राहते. हवेतला ओलावा त्या क्षाराला हळूहळू बाहेर ओढतो. बाहेर आलेला क्षार आणखी ओलावा ओढून घेतो, आणि पृष्ठभागावर थेंब उभे राहतात. आम्ही विभागात ‘काचेला घाम फुटला’ असंच म्हणायचो. अशा पेल्याला मी पहिल्यांदा बोट लावलं तेव्हा ते साबणाच्या पाण्यावरून सरकावं तसं सरकलं. ओला लिटमस कागद टेकवला तर निळा झाला. दवाने तो निळा होत नाही.

खरा धोका याच्या पुढे असतो. हवा एकदम कोरडी झाली की क्षार गमावलेला वरचा थर आकसतो आणि त्यात केसाहून बारीक भेगांचं जाळं पडतं. मग काच धुकट दिसते. ही भेग परत भरत नाही.

याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये नव्या प्रकारच्या स्वच्छ काचेचं पेटंट घेतलं, आणि थोड्याच काळात त्याची भांडी धुकट पडू लागली. त्याने मिश्रणात शिशाचं प्रमाण वाढवलं, दोष गेला असं जाहीर केलं आणि खात्री म्हणून भांड्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहोर उठवायला सुरुवात केली. रेव्हन म्हणजे डोमकावळा, म्हणजे ती त्याच्या नावाचीच खूण. ती मोहोर असलेली काही भांडीही आज भेगाळलेली आहेत. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. त्याने दोष लपवला नाही, त्याच्याशी झगडला. त्या झगड्यातूनच पुढची सगळी इंग्लिश शिसेकाच आली.

उपाय म्हणाल तर साचलेला क्षार शुद्ध पाण्याने हलकेच धुवायचा, पेला नीट कोरडा करायचा आणि आर्द्रता 40 टक्क्यांच्या थोडी वर, कायम एकसारखी ठेवायची. इथे ‘कायम’ हा शब्द आकड्यापेक्षा महत्त्वाचा. दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, याने अशा पेल्याचं जितकं नुकसान होतं तितकं दुसऱ्या कशाने क्वचित होतं. पुढच्या वेळी थेंब दिसले तर दालनातल्या माणसाला जरूर सांगा.

प्रश्न : चांदीची भांडी संग्रहालयात काळवंडलेली का ठेवतात? पॉलिश करायला माणसं नाहीत की आस्था नाही?

प्रश्नात राग आहे आणि तो मला कळतो. पण घासण्याबद्दलचं माझं मत एका चुकीतून तयार झालं आहे, ते आधी सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे सोन्याचा मुलामा दिलेला एक चांदीचा झाकणाचा पेला आला. झाकणाच्या काठाभोवती गव्हाच्या दाण्याएवढ्या मण्यांची ओळ होती. मण्यांच्या खोबणीत काळं साचलं होतं. मी खडूची मऊ पूड आणि कापूस घेऊन चिकाटीने ते काढत बसले. संध्याकाळी भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक मण्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका होता. खोबणीतलं काळं निघालं, पण माथ्यावरचं सोनंही गेलं. दोनेकशे वर्षं टिकलेलं सोनं माझ्या हातून एका दुपारी गेलं, आणि ते परत लावता येत नाही. आमच्या वरिष्ठ बाईंनी मला काहीही न बोलता माझ्याच अक्षरात अहवालात ते नोंदवायला लावलं. ती नोंद तिथे अजून आहे.

काळं म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. म्हणजे त्या काळ्यातही चांदी आहे. घासताना ती आपण पुसून टाकतो. एकदा, दोनदा चालतं. शंभर वर्षं दर महिन्याला घासलेल्या भांड्यावरची कोरीव वेलबुट्टी पाहा, पानांच्या शिरा सपाट झालेल्या असतात, आणि चांदीवरचे कारागिराचे ठसे वाचता येत नाहीत.

शिवाय काही काळं मुद्दाम केलेलं असतं. बिदरी भांडी घ्या. ती जस्ताची, त्यात थोडं तांबं. त्यावर चांदीची नक्षी ठोकून बसवतात आणि शेवटी नवसागर व विशिष्ट माती यांच्या लेपाने जस्त काळं करतात. चांदी तशीच पांढरी राहते. त्या काळ्यावरच तर चांदीचा वेल उठून दिसतो. कुणा उत्साही माणसाने ते जोरात घासलं की हुक्क्याचं बूड राखाडी होतं, आणि कारागिराचं निम्मं काम जातं. युरोप आणि पश्चिम आशियातल्या चांदीच्या भांड्यांवर निएलो नावाचं काळं भरणकाम असतं, तेही चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचंच. बाजारातल्या चांदी उजळण्याच्या द्रावणात ते बुडवलं तर चांदीच्या डागाबरोबर नक्षीही विरघळायला लागते.

म्हणून चांगलं संग्रहालय भांडं घासण्याआधी कपाट तपासतं. लोकर, रबर, काही रंग आणि गोंद यांतून गंधकाचे वायू सुटतात. दागिन्यांच्या पेटीला लावतात तसं लोकरीचं अस्तर चांदीला मऊ वाटतं, पण तेच तिला काळं करतं. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये यावर एक साधी चाचणी सुचवली. कपाटात वापरायच्या लाकडाचा किंवा कापडाचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं व शिसं यांचे पत्रे एका बंद नळीत घालून 60 अंशांवर 28 दिवस ठेवायचे. पत्रे खराब झाले तर तो माल कपाटात जाणार नाही. ओकचं लाकूड तिथे बऱ्याचदा नापास होतं, कारण त्यातून सुटणाऱ्या आम्लाने शिशावर पांढरी पूड चढते. मी ही चाचणी किती वेळा केली त्याची गणती नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी नळी उघडताना प्रत्येक वेळी छातीत धडधडायचं.

प्रश्न : रोमन काचेच्या बाटल्या मोरपिसासारख्या चमकतात. ही कला आता का लोपली?

ती कला नाही, मातीचं काम आहे. बाटली घडली तेव्हा बहुधा फिकट हिरवी किंवा निळसर होती. शेकडो वर्षं ओल्या जमिनीत राहिल्यावर तिच्यातला क्षार निघून गेला आणि पृष्ठभाग कागदाहूनही पातळ पापुद्र्यांचा झाला. पाण्यावर तेलाचा तवंग रंग दाखवतो, तसंच हे पापुद्रे प्रकाशाशी खेळतात. बोटाने चोळलं तर ते झडतात, म्हणून अशा बाटल्या आम्ही कोरड्याच ठेवतो आणि त्यांना ब्रशही जपून लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लुई टिफनी या काच-कलाकाराने धातूंच्या क्षारांनी ही झळाळी भट्टीतच आणायची युक्ती साधली. तिला मात्र कला म्हणा.

प्रश्न : एका पुस्तकात हिरवा पेला पाहिला, दुसऱ्यात हुबेहूब तसाच लाल. दोन्हीखाली ‘लायकर्गस कप’ असंच लिहिलंय. छपाईची चूक?

चूक नाही, पेला एकच आहे. चौथ्या शतकातला हा रोमन पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उजेड समोरून पडला तर तो मूग वाटावा तसा हिरवा दिसतो, आणि आत दिवा लावला तर माणकासारखा लाल. काचेत सोन्या-चांदीचे कण आहेत, इतके बारीक की एक मिलिमीटरमध्ये असे दहा हजारांहून अधिक कण ओळीने मावतील. ते हिरवा प्रकाश परत फेकतात आणि लाल आरपार जाऊ देतात. घडवणाऱ्याला कण माहीत असणं शक्यच नव्हतं, पण रंग बदलतो हे त्याने नक्की पाहिलं होतं. बाहेरची माणसं आणि द्राक्षवेल जाड काच कोरून काढल्या आहेत. त्यांतल्या लायकर्गस राजाच्या अंगामागे काच आतून पोखरून पातळ केली आहे, म्हणजे उजेड तिथून जास्त यावा. आतून पोखरायची ही कल्पना मला सोन्याच्या कणांपेक्षा मोठी वाटते. काठाची आणि पायाची धातूची पट्टी मात्र खूप नंतर, 1800 च्या सुमारास बसवलेली आहे.

प्रश्न : काच हळूहळू वाहते, म्हणून जुनी काच खाली जाड होते. मग जुनी भांडी बुडाला जाड का नसतात?

कारण काच वाहत नाही. खोलीच्या तापमानाला तिला डोळ्यांना दिसेल इतकं वाहायला विश्वाच्या वयाहून कितीतरी जास्त काळ लागेल. जुन्या खिडक्यांच्या काचा घडवतानाच असमान होत असत.

प्रश्न : फुटलेलं भांडं जोडताना सांधे दिसेनासे का करत नाहीत? आजकाल तंत्र आहे ना?

तंत्र आहे, पण ते वापरावं का, याचं उत्तर प्रत्येक भांड्यापुढे नव्याने शोधावं लागतं. पोर्टलँड व्हेसची हकिगत ऐका. गडद निळ्या काचेवर पांढरा थर, आणि तो कोरून काढलेल्या आकृत्या. दोन हजार वर्षं जुना, जेमतेम 24 सेंटिमीटर उंच. 7 फेब्रुवारी 1845 ला ब्रिटिश म्युझियममध्ये एका तरुणाने त्याच्यावर जड वस्तू फेकली आणि दोनशेच्या वर तुकडे झाले. जॉन डबलडे यांनी काही महिन्यांत तो जोडला, पण 37 बारीक कपच्यांना जागा सापडली नाही. त्या 1948 मध्ये पुन्हा समोर आल्या. तेव्हा भांडं उघडून परत जोडलं, तर त्यातल्या तीनच बसल्या. तो गोंद पुढे पिवळा आणि कमजोर पडला. मग 1988 मध्ये आतून-बाहेरून टीपकागद लावून, बंद काचपात्रात द्रावकाच्या वाफेत तीन दिवस ठेवून सांधे सोडवले. 189 तुकडे टेबलावर आले. आज तो इपॉक्सीने जोडलेला आहे.

यातून आमच्या कामाचा एक नियम कळतो. आज लावलेला गोंद उद्या कुणालातरी सोडवावा लागणार आहे, हे धरूनच तो निवडायचा. मातीच्या भांड्यांना आम्ही पॅरालॉइड बी-72 हा गोंद वापरतो. पन्नास वर्षांनीही अॅसिटोनमध्ये तो विरघळतो. एक पथ्य आहे : 40 अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, त्यामुळे कडक उन्हाळ्यात बंद खोलीत जड भांड्याचा सांधा सरकू शकतो. सांधा भरताना आमच्यात म्हणतात, सहा फुटांवरून दिसू नये, सहा इंचांवरून लपू नये.

आणि जुना सांधा हाही भांड्याच्या आयुष्याचा भाग असतो. माझ्याकडे एकदा चिनी मातीची थाळी आली, मागे अकरा धातूचे टाके. टाक्यांसाठी पाडलेली भोकं थाळीच्या निम्म्या जाडीपर्यंतच होती, पुढच्या बाजूला एकही उमटलं नव्हतं. टाके काढून ‘स्वच्छ’ जोडणी करा असा आग्रह होता. मी नकार दिला. ज्याने अर्ध्या जाडीत थांबणारं भोक अकरा जोड्या पाडलं त्याचा हात मला पुसायचा नव्हता. टोकियो नॅशनल म्युझियममध्ये तेराव्या शतकातला, फिकट हिरव्या झिलईचा एक चिनी वाडगा आहे. परंपरा सांगते की त्याला तडा गेल्यावर जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, आशिकागा योशिमासाने तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला. तसा मिळाला नाही, म्हणून तडा धातूच्या टाक्यांनी शिवून तोच परत आला. टाके टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याचं नावच त्यावरून पडलं, आणि टाक्यांसकट तो अधिक लाडका झाला.

प्रश्न : चित्रफितींत तज्ज्ञ कधी हातमोजे घालतात, कधी नाही. नियम काय?

धातूला घामातलं मीठ आणि आम्ल लागू नये म्हणून नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, मोजे हवेत. तांब्याच्या भांड्यावर उघड्या बोटाचा ठसा काही महिन्यांत कायमचा उमटतो. काच आणि झिलईच्या भांड्याला सुती मोजे घालू नका, ते घसरतात. तिथे नायट्राइल, नाहीतर नुकते धुऊन पुसलेले कोरडे हात.

पण मोज्यांआधी वेगळंच आहे. भांडं ठेवायची जागा आधी मोकळी करून तिथे मऊ कापड अंथरा, अंगठी आणि घड्याळ काढा, गळ्यातली साखळी आत घाला. मग हात मागे बांधून भांड्याभोवती एक फेरी मारा आणि कान, गळा, तोटी कुठे जोडलेली आहे ते पाहा. जुना सांधा बहुतेक तिथेच असतो. कानाला धरून कधीच उचलायचं नाही. एक तळहात बुडाखाली, दुसरा पोटाला, झाकण आधी वेगळं. आणि ज्या क्षणी मनात येईल की ‘हे एका हातातही जाईल’, त्या क्षणी खाली ठेवा आणि कुणालातरी मदतीला बोलवा.