अमेरिकेतून आलेल्या निन्टेन्डोवर आपल्या जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेट चालवायला बिनलायसन्सचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा का?

घ्या. पण तो पोस्टाने येईपर्यंत ते यंत्र भिंतीच्या सॉकेटला लावू नका.

तुम्ही लिहिलंय की मामेभावाने अमेरिकेतून जुना निन्टेन्डो (एनईएस हे टीव्ही गेमचं यंत्र) आणून दिला, सोबत त्याचा मूळ पॉवर अ‍ॅडॅप्टरही आहे. चोपड्याच्या घरी माळ्यावर नव्वदच्या दशकातल्या कॅसेट पडून आहेत. त्या जोडायला ऑनलाइन 60 ते 72 पिनचा अ‍ॅडॅप्टर मिळतोय, पण त्यावर कोणत्याच कंपनीचं नाव नाही, म्हणून यंत्र खराब होईल का आणि हे कायद्यात बसतं का, की त्यापेक्षा 600-700 रुपयांचा टीव्ही गेमचा नवा डबाच घ्यावा, असं विचारलंय. मी जळगावात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो, असली यंत्रं अधूनमधून टेबलावर येतात. भाऊ, धोका त्या बिननावाच्या अ‍ॅडॅप्टरपेक्षा कंपनीच्या ओरिजिनल पॉवर अ‍ॅडॅप्टरचा जास्त आहे.

तो उलटा करून छापलेलं वाचा. इनपुट 120 व्होल्ट, आउटपुट 9 व्होल्ट एसी, 1.3 अँपिअर असं दिसेल. आपल्याकडे 230 व्होल्ट. फक्त पिनांचा आकार बदलणारा दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावून तो सॉकेटमध्ये घातला की आतला ट्रान्सफॉर्मर जळणार, जास्त काही बोलायला नको. दोनशेतीसचे एकशेवीस करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण त्याची गरज नाही. अमेरिकन यंत्राच्या आत ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारी डायोडची जोडणी आहे, त्यामुळे त्याला एसी द्या, डीसी द्या, प्लस-मायनस उलटसुलट झालं तरी चालतं. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्याकडच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 9 व्होल्ट डीसी, दीड-दोन अँपिअरचा, 5.5 बाय 2.1 मिलिमीटर पिनचा अ‍ॅडॅप्टर मागा, झालं.

दुकानदार बहुतेक म्हणेल, "बाराचा घेऊन जा, चालतो." चालतो, पण घेऊ नका. आत 7805 नावाचा रेग्युलेटर येणारा दाब 5 व्होल्टवर आणतो आणि वरचं सगळं उष्णता करून टाकतो. 9 दिले तर डायोडमध्ये साधारण दीड व्होल्ट जाऊन त्याला अडीचेक व्होल्ट जाळावे लागतात, 12 दिले तर साडेपाच. म्हणजे दुपटीहून जास्त गरमी, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच भट्टी झालेली असते. पुण्याच्या माणसाने दिलेला सल्ला भुसावळला कामाचा नाही, तो असा.

आणि एक. हा ब्रिज रेक्टिफायरचा लाड फक्त या अमेरिकन यंत्रापुरता. फॅमिकॉम (निन्टेन्डोचं मूळ जपानी यंत्र) आणि त्याची नक्कल केलेले आपल्याकडचे टीव्ही गेम यांना डीसीच लागतो. फॅमिकॉमच्या अ‍ॅडॅप्टरची आतली पिन मायनस असते, आणि आजचे बाजारातले बहुतेक अ‍ॅडॅप्टर आतून प्लस असतात. तेव्हा माळ्यावर कॅसेटसोबत जुना टीव्ही गेमही सापडला तर सॉकेटशेजारचं चिन्ह बघून मल्टिमीटर लावल्याशिवाय त्याला काही जोडू नका. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या डबीवर 9 लिहिलेलं असतं, पण लोड नसताना ती बारा-तेरा दाखवते. ते नॉर्मल आहे.

आता तुम्ही विचारलेला कॅसेटचा अ‍ॅडॅप्टर. 1983 साली जपानमध्ये फॅमिकॉम आला तो 60 पिनांच्या कॅसेटचा. 1985 मध्ये अमेरिकेसाठी तेच यंत्र वेगळ्या डब्यात घातलं आणि कॅसेटला 72 पिना केल्या. वाढलेल्या पिनांपैकी चार एका कुलपाच्या चिपसाठी आहेत. एक चिप यंत्रात, तिचीच जोडीदार प्रत्येक कॅसेटमध्ये. दोघी एकमेकींना आकडे पाठवत राहतात, जुळले नाहीत की यंत्र साधारण सेकंदाला एकदा रीसेट होतं आणि पुढचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. जपानी यंत्रात हे कुलूपच नाही, म्हणून त्याच्या नकला करणं सोपं गेलं, आणि आपल्या माळ्यावरच्या कॅसेटमध्येही ती चिप नाही.

म्हणून विकणाऱ्याला एवढंच विचारा, "यात लॉकआउट चिप आहे का?" स्वस्तातल्या बऱ्याच अ‍ॅडॅप्टरमध्ये फक्त पिनांची जोडणी असते. तसा घेतला तर अ‍ॅडॅप्टर चांगला असूनही दिवा लुकलुकणार आणि तुम्ही यंत्राला दोष देणार. उपाय यंत्राच्या बाजूनेही आहे: आतल्या कुलूप-चिपची चौथी पिन बोर्डापासून उचलून ग्राउंडला जोडली की ती चिप स्वतःला किल्ली समजते आणि रीसेट करायचं सोडते. सोल्डरिंग येणाऱ्या कोणाकडूनही होईल. मी स्वतः हेच करून देतो, कारण पुढे कोणतीही कॅसेट लावा, कटकट नाही. गंमत म्हणजे असा जोड खुद्द निन्टेन्डोनेच विकलाय. जायरोमाइट या गेमच्या सुरुवातीच्या काही अमेरिकन कॅसेट उघडल्या तर आत 60 पिनांचा जपानी बोर्ड आणि त्याला 72 चा कन्व्हर्टर सापडतो.

कायद्याचं मी वकील म्हणून सांगत नाही. पण त्या यंत्राची पेटंटं केव्हाच संपलीत, त्यामुळे पिना जोडणारा तुकडा किंवा नक्कल यंत्र बनवण्यात आज फारसा वाद उरलेला नाही. भांडणं झाली ती दुसऱ्या गोष्टींवर. टेन्जन नावाने गेम काढणाऱ्या अटारी गेम्सने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून, कोर्टातल्या खटल्याला हवाय असं खोटं सांगून, कुलूप-चिपचा प्रोग्रॅम मिळवला आणि स्वतःची किल्ली बनवली. 1992 मध्ये कोर्टात ते अंगाशी आलं. त्याच वर्षी गेम जिनी या, कॅसेट आणि यंत्राच्या मध्ये बसणाऱ्या तुकड्यावरचा खटला मात्र निन्टेन्डो अपिलातही हरली. मधला तुकडा विकणं वेगळं आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम उचलणं वेगळं. तुमचा अ‍ॅडॅप्टर पहिल्या जातीतला. माळ्यावरच्या '64 इन 1' कॅसेट मात्र दुसऱ्या जातीतल्या, हेही खरं.

तसं आपल्या खान्देशात त्या काळी ओरिजिनल पाहिला होता कोणी? 'लिटल मास्टर' किंवा तसलाच कुठला तरी, सुरतहून तापी लाइनच्या गाडीने आलेला, नाहीतर यात्रेतल्या दुकानातून घेतलेला, आणि गल्लीत एका घरी टीव्ही गेम असला की सुट्टीत तिथे चपलांचा ढीग. सगळे नकलाच होत्या. त्यांना कमी लेखायचं मला काही कारण दिसत नाही. जुन्या नकलांत तर निदान वेगवेगळ्या चिपा असायच्या.

तुम्ही शेवटी विचारलेला 600-700 रुपयांचा नवा डबा मात्र मी घेणार नाही. तो उघडला की आत तळहाताएवढी पाटी, मधोमध काळ्या राळेचा एक गोळा, बाकी डबा पोकळ. त्या गोळ्याखाली सगळं यंत्र एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं, आणि गोळा खराब झाला की दुरुस्तीला जागाच नाही, माझ्यासारख्याला स्क्रू परत लावून द्यावे लागतात. अनेक नकलांमध्ये आवाजाच्या दोन लहरींची रुंदी अदलाबदल झालेली असते, 25 टक्क्यांच्या जागी 50 आणि 50 च्या जागी 25, त्यामुळे मारिओचं संगीत ओळखू येतं पण नाकात गायल्यासारखं वाटतं. खोक्यावर '9999 गेम' लिहिलेलं असतं. यादी खाली सरकवत गेलात की तेच गेम पुन्हा, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून, कुठे तीस लाइफ देऊन. नव्या स्वस्त कॅसेटचंही बघून घ्या. पुष्कळांमध्ये 3.3 व्होल्टची मेमरी चिप थेट 5 व्होल्टच्या तारांवर टाकलेली असते. चालते, पण तिच्यावर आणि यंत्रावर विनाकारण ताण. त्यापेक्षा माळ्यावरच्या जुन्या कॅसेट बऱ्या.

टीव्हीचं पटकन सांगतो. अमेरिकन यंत्र एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचा सिग्नल देतं, आजचे एलईडी टीव्ही तो घेतात, आपल्याकडच्या पाल पद्धतीचा जुना टीव्ही असेल तर चित्र काळंपांढरं दिसू शकतं. यंत्राच्या बाजूला पिवळा-लाल एव्ही सॉकेट आहे, तोच वापरा. टीव्हीला एव्ही नसेल तर 'एव्ही टू एचडीएमआय' डबी घ्या. 'एचडीएमआय टू एव्ही' दिसायला अगदी तशीच असते आणि दुकानदार तीच हातात ठेवतात. या डब्यांमुळे बटण दाबल्यावर उडी थोडी उशिरा पडते, कॉन्ट्रासारख्या गेममध्ये ते जाणवतं. बदकं मारायची बंदूक एलईडीवर चालणारच नाही, तिला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागतो.

कॅसेटच्या पिनांवर फुंकर मारू नका, ओल राहून गंज चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या, माळ्यावरची धूळ दोन-तीन काड्या तरी काळ्या करेल. अ‍ॅडॅप्टरमध्ये कॅसेट कोणत्या बाजूने जाते हे आधी बघा. अनेकांना प्लास्टिकची खाच नसते, उलटी घातली तर सप्लाय भलत्या पिनांवर जातो. आणि तुमच्या यंत्रात कॅसेट समोरून आत जाते, आपली कॅसेट बुटकी, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरसकट ती आत खोल बसते आणि बोटांना सापडत नाही. घालायच्या आधी अ‍ॅडॅप्टरला मजबूत फीत चिकटवा, तिचं टोक झाकणाबाहेर ठेवा. पक्कड घालून ओढलेली यंत्रंही माझ्याकडे येतात, आणि मग 72 पिनांचा कनेक्टरच बदलावा लागतो.