मुलांच्या नावावरचे पैसे आणि अमेरिकेतला कर: निघण्याआधी काय आवरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये तुम्ही एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, न्यू जर्सीला येताय. पत्नी आणि दोन्ही मुलं एच-फोरवर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुलगी चौदा वर्षांची आहे. आजोबांनी साताऱ्याकडची जमीन विकून तिच्या नावावर ४० लाखांची एफडी ठेवलीय. शिवाय ती लहान असल्यापासून तिच्या नावाने इक्विटी फंडात एसआयपी चालू आहे. घातले ६ लाख, आज झाले १८ लाख. मुलाला नुकतंच अठरावं पूर्ण झालंय, त्याचाही असाच एक फंड आहे आणि तो इथे कॉलेजात जाणार आहे. "मुलं कमवत नाहीत, मग त्यांना कर कसला?" असं तुम्ही विचारलंय.

कर आहे. पण तुम्हाला ज्या एफडीची काळजी वाटतेय, तिच्यात फारसं घाबरण्यासारखं नाही. ज्या फंडाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, तो मात्र निघण्याआधी विकायलाच हवा.

आधी एफडी. भारतात अज्ञान मुलाचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. अमेरिकेत ते मुलीचंच उत्पन्न, तिच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये. आईवडिलांनी आपली गुंतवणूक मुलांच्या नावावर करून कमी दराचा फायदा घेऊ नये म्हणून १९८६ च्या करसुधारणेत एक नियम आला. इथे सगळे त्याला 'किडी टॅक्स' म्हणतात. २०२५ चे आकडे असे: व्याज, लाभांश, भांडवली नफा अशा न कमावलेल्या उत्पन्नातले पहिले १,३५० डॉलर करमुक्त, पुढच्या १,३५० वर मुलीच्या दराने कर, आणि २,७०० च्या वर जे असेल त्यावर तुमच्या दराने.

तुमच्या एफडीला लावून बघू. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २ लाख ८० हजार. डॉलर ८५ रुपये धरला तर सुमारे ३,२९४ डॉलर. मधल्या टप्प्यावर १० टक्क्यांनी १३५ डॉलर. वरचे ५९४ डॉलर तुमच्या दराने. तुम्ही २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साधारण १४३. एकूण २७८ डॉलर, म्हणजे वर्षाला २४ हजार रुपयांच्या आत. यासाठी एफडी मोडून पैसे पुन्हा आजोबांच्या नावावर फिरवू नका. ते पैसे मुलीचे आहेत, तिचेच राहू द्या.

हे सगळं फॉर्म ८६१५ वर होतं. फॉर्म मुलीचा, पण वरच्याच रकान्यांत पालकाचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आणि पुढे तुमचं करपात्र उत्पन्न. म्हणून आधी तुमचं रिटर्न तयार करायचं, मग तिचं. एफडी मुदतीअंती व्याज देणारी असली तरी एक वर्षाहून मोठ्या ठेवीचं व्याज इथे दरवर्षी धरतात. आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेकडून व्याजाचा दाखला तिमाहीवार मागून घ्या. एप्रिल-मार्चचा दाखला बघून आकडे जुळवणं फार त्रासाचं आहे.

खरी अडचण आहे ती भारतात कापल्या जाणाऱ्या कराची. तुम्ही अनिवासी झालात की खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातलं साधं रुपयातलं खातं, होतं आणि व्याजावर ३० टक्के अधिक उपकर कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार हा दर १५ टक्क्यांवर आणता येतो. त्यासाठी इथल्या निवासाचा दाखला, म्हणजे फॉर्म ६१६६, आणि भारतीय करखात्याचा स्वघोषणेचा फॉर्म लागतो. पण भारताच्या लेखी हा कर तुमच्यावर, आणि अमेरिकेच्या लेखी उत्पन्न मुलीचं! परदेशी कायदा ज्याच्यावर कर लादतो, त्या कराची अमेरिकेतल्या करातून वजावट त्यालाच मिळते. म्हणजे मुलीच्या रिटर्नमध्ये ती मागता येणं कठीण.

यावर वाट आहे, फॉर्म ८८१४. मुलीचं उत्पन्न फक्त व्याज आणि लाभांशाचं असेल आणि २०२५ साठी १३,५०० डॉलरच्या आत असेल, तर ते तुम्ही तुमच्याच रिटर्नमध्ये घेऊ शकता. मग कर आणि उत्पन्न एकाच माणसाकडे येतं. मात्र इथे आल्यावर फंड विकून भांडवली नफा झाला, की त्या वर्षी ही वाट बंद.

आता तो फंड. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी 'पीएफआयसी', म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्या. इथले करदाते झाल्यावर विकलात तर नफा सगळ्या धारणकाळावर वाटतात. तुमच्या इथल्या मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या त्या वर्षाचा सर्वोच्च दर लागतो, सध्या ३७ टक्के, आणि वर व्याज. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा सवलतीचा दर नाहीच. अशा फंडांसाठी दरवर्षी भरायच्या फॉर्म ८६२१ मधून आज कदाचित सुटका होईल, कारण १८ लाख म्हणजे २५ हजार डॉलरच्या आत. पण फंड वाढला की तो फॉर्मही आला, आणि विकताना तर सुटका नाहीच. शिवाय तुम्ही आलात त्या दिवसाची किंमत अमेरिका खरेदीची किंमत म्हणून मान्य करत नाही. जुना नफाही सोबत येतो.

येण्याआधी विकलात तर त्या नफ्याशी अमेरिकेचा संबंध नाही. सगळा नफा दीर्घ मुदतीचा धरला तर भारतात १२ लाख नफ्यातले सव्वा लाख सोडून बाकीवर १२.५ टक्के, उपकरासह १,३९,७५० रुपये, तुमच्या उत्पन्नात मिळवून. अर्धे ३१ मार्चच्या आत आणि अर्धे एप्रिलमध्ये विकलेत तर सव्वा लाखांची सूट दोनदा मिळेल, तुमचा स्वतःचा नफा तीच सूट खात नसेल तर. विक्रीचे पैसे मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यातच येतात, तेव्हा तिचं खातं फोलिओला, म्हणजे फंडातल्या खात्याला, जोडलेलं आहे ना, ते आजच बघा.

भारतात करमुक्त म्हणून निश्चिंत राहिलेल्या गोष्टी, म्हणजे पीपीएफचं व्याज, एनआरई ठेवीचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातल्या ठेवीचं) व्याज, इथे करपात्र धरून चाला. मुलीच्या सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, तिच्या नावाने वेगळा भरायचा, सही तुमची. तिची एफडी यात येतेच. यात कर लागत नाही, पण विसरलात तर दंड जबर आहे.

मुलाचं वय अठरा म्हणून तो सुटला असं समजू नका. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर चोवीस पूर्ण होईपर्यंत हाच नियम. स्वतःच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त कमावणाऱ्याला यातून सूट आहे, पण एच-फोरवरच्या मुलाला कामच करता येत नाही. शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवण्याचा भाग करपात्र असतो आणि तोही या हिशोबात न कमावलेलं उत्पन्न म्हणूनच धरतात.

एच-फोरवरच्या मुलांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, म्हणून पहिल्या रिटर्नसोबत डब्ल्यू-७ फॉर्म भरून दोघांचे आयटिन, म्हणजे करदात्याचे ओळख क्रमांक, काढा. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवू नका, प्रमाणित एजंटकडून तपासून घ्या. आणि मुलाला अठरा पूर्ण झाल्यामुळे त्याचा फोलिओ गोठलेला असेल. त्याचं पॅन, केवायसी, स्वतःच्या सहीचं बँक खातं करून फोलिओ सज्ञान करून घेतल्याशिवाय तो विकताच येणार नाही. तुमच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम हेच आहे, तेव्हा सुरुवात तिथून करा.